दम खा

“झोपला होता काय रे हा?”

जाळीच्या कुंपणाला रेलून उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलानं आपल्या मित्राला विचारलेला हा प्रश्न. मला विचारलेलाच नव्हता. रविवारची दुपार, साडेतीनचा सुमार, लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीतली गाड्यांच्या शर्यतीची धावपट्टी उन्हानं पांढरी पडलेली, आणि दोन गाड्या नुकत्याच आमच्यासमोरून सुटून गेलेल्या. त्यांतली उजवीकडची आमची. आधी डावीकडची सुटली, मग आमची. मधे वेळ गेला तो पापणी एकदा लवून होण्याइतका, पण तिथं दिवसभर उभ्या असलेल्या माणसांना तेवढासुद्धा दिसतो. मी तीन पावलांवर होते, हातात कोकम सरबताची बाटली. गाडी चालवणारा माझा भाचा का थांबला ते मला कळलं होतं. मागे वळून त्या मुलाला दोन शब्दांत सांगता आलं असतं. नाही सांगितलं. त्याला आता तीन आठवडे झाले, तरी शाळेतून परतताना एसटी रत्नागिरीच्या भाट्याच्या पुलावर आली, खाली काजळी नदी आणि पलीकडे खाडीचं मुख दिसलं, की ते वाक्य पुन्हा कानात येतं आणि मी मनातल्या मनात त्याला उत्तर देत बसते.

शर्यत झाल्यावर एक छापील चिठ्ठी मिळते. ती मी अजून पर्समध्ये ठेवली आहे, घडीवर शाई पुसट होत चालली आहे. आमच्या रकान्यात ०.९१ आणि १५.४१. शेजारच्याच्या रकान्यात ०.६२ आणि १५.५८. खांबावरचे तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं लागतात, मग हिरवा. हिरवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ म्हणजे पहिला आकडा. दुसरा आकडा पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा, आणि ते घड्याळ सुरू होतं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की. तोवर तुम्ही किती वेळ बसून राहिलात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे ४०२ मीटर आमची गाडी जास्त वेगानं धावली. तरी शेवटच्या रेषेवर ती मागे होती, बारा शतांश सेकंदानं. दीड वर्ष चार माणसांनी रात्री जागून गाडीतून जे काढलं ते सगळं गाडीनं दिलं होतं. गेलं ते सुटण्याच्या आधी गेलं.

धाकट्या भावाचं गॅरेज मूळचं होड्यांच्या इंजिनांचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत नौका किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात आणि त्यांची इंजिनं भावाच्या शेडमध्ये उघडी पडलेली असतात. ट्रकचीच सहा सिलिंडरची इंजिनं, नौकेत बसवलेली. वर पत्र्यावर पाऊस, खाली डिझेलचा, ग्रीसचा आणि खाऱ्या पाण्यानं खाल्लेल्या लोखंडाचा वास. तोच वास बाबांच्या अंगाला यायचा. बाबा तांडेल होते, म्हणजे नौकेचे प्रमुख, चाळीस वर्षं. त्यांचा नातू, म्हणजे हा आमचा भाचा, दहावीनंतर चार हंगाम त्यांच्या हाताखाली दर्यात गेला, आणि बाबांचे गुडघे गेले तेव्हा तोही बापाच्या गॅरेजात आला. अजूनही कुणाचा खलाशी आजारी पडला, की याला हाक येते आणि हा जातो.

गाडी आली ती पुरातून. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात घराघरांत शिरली ते कुणाला सांगायला नको. नंतर कितीतरी महिने तिथल्या गल्ल्यांत चिखलानं भरलेल्या गाड्या उभ्या होत्या, काचांना आतून मातीची पुटं. त्यांतली एक व्हर्ना, १.६ लिटर डिझेल, भावानं जवळजवळ भंगाराच्या भावानं उचलली. कंपनीतून निघाली तेव्हाची ताकद १२८ पीएस; आमच्याकडे आली तेव्हा चाकंही फिरत नव्हती. इंजिनात पाणी गेलेलं आणि कुणीतरी घाईनं किल्ली फिरवलेली. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर आला, पाण्यावर आपटला आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला. तो रॉड भावानं भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलाय. नुसतं बघितलं तर सरळच वाटतो. पोलादी पट्टी लावून उजेडाकडे धरला की मधे केसाएवढी फट दिसते. एवढ्याशा फटीनं इंजिन बसलं होतं. नवीन मुलगा कामाला आला की भाऊ त्याच्या हातात आधी तो रॉड देतो आणि विचारतो, “सांग, याला काय झालंय?”

इंजेक्टरचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचं काम राजिवड्याच्या चाचांचं. चाचांची नजर आता तितकी राहिली नाही, पण नोझल, म्हणजे इंजेक्टरचं तोंड, बघायला त्यांना डोळे लागत नाहीत असं मला वाटतं. जुनी नोझल टेस्टरवर लावून हँडल दाबतात आणि कान पुढे करतात. नीट असली की ती किर्रर्र वाजते आणि तोंडाशी पांढरं धुकं उभं राहतं. बिघडलेली असली की धार लागते, लहान मुलानं पिचकारी मारावी तशी. “बाय, धुकं आलं पाहिजे, धार आली की पैसा गेला,” हे ते मला दर वेळी समजावून सांगतात. व्हर्नाचे इंजेक्टर वेगळे, त्यांच्यामागचा दाब हजाराहून जास्त बारचा. तो जुन्या टेस्टरवर समजत नाही, लॅपटॉप लागतो. ते काम शेजारच्या पाखाडीतल्या इंजिनियरिंगच्या मुलाचं. सुरुवातीला चाचा त्या लॅपटॉपकडे पाठ करून बसायचे. मग एक दिवस त्यांनी नुसत्या आवाजावरून तिसऱ्या सिलिंडरला डिझेल कमी पडतंय असं सांगितलं, स्क्रीनवरही तेच निघालं, आणि त्या दिवसापासून तो मुलगा आकडे बदलण्याआधी त्यांना विचारतो.

या चौघांबरोबर पाचवी मी, डबे भरायला. पण खरं सांगायचं तर डबे हे निमित्त. मला ती गाडी धावताना बघायची होती.

शुक्रवारी रात्री निघालो. भाचा आणि तो मुलगा गाडीत, बाकीचे आम्ही मासळीच्या टेम्पोत. मागे टायर, जॅक, डिझेलचे कॅन, हेल्मेट, आणि कितीही धुतला तरी न जाणारा बर्फाच्या पाण्याचा वास. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, कोलंबीचं लोणचं. संगमेश्वर, चिपळूण, मग परशुराम घाट चढलो, कशेडीच्या बोगद्यातून पलीकडे निघालो. महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही, वाचणाऱ्यांच्या कमरेला तो ठाऊक आहे. माणगावात चहाला थांबलो तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. धुकं उतरलं होतं, दोन्ही गाड्यांची इंजिनं चालूच होती, आणि मला का कुणास ठाऊक रुडॉल्फ डिझेलची गोष्ट आठवली. शाळेत सातवीच्या मुलांना मी ती सांगते. १८९३ मध्ये त्यानं पेटंट घेतलं, १८९७ मध्ये त्याचं इंजिन धडपणे चाललं. ठिणगीची गरज नाही, हवाच इतकी दाबायची की ती कडक तापावी आणि त्यात डिझेल सोडताच पेटावं. आणि २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या जहाजावरून तो नाहीसा झाला. सकाळी खोलीत बिछाना जसाच्या तसा होता.

“दर्यानं नेला?” चाचांनी विचारलं.

मी म्हटलं, हो. काही दिवसांनी एका डच बोटीला प्रेत दिसलं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या, प्रेत पुन्हा पाण्यात सोडलं, आणि त्या वस्तू त्याच्या मुलानं ओळखल्या. चाचा गप्प झाले. भावानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. खिशातल्या वस्तूंवरून माणूस ओळखणं म्हणजे काय, हे आमच्याकडे दोन-चार घरं सोडली तर सगळ्यांना माहीत आहे. चाचा उठून व्हर्नाजवळ गेले आणि बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. थंडीत हात शेकत असतील. मला तसं वाटलं नाही.

शनिवार चाचण्यांत गेला. हेल्मेट, आग विझवायचं नळकांडं, बॅटरी नीट बांधलेली आहे का, सगळं तपासून झालं. सकाळी गाडी १५.९ च्या आसपास, दुपारी १५.६. तिथं आमच्या भावाला एका गोष्टीचा फार त्रास झाला. काही गाड्या सुटताना काळ्या धुराचा लोट सोडत होत्या, एवढा की मागचे डोंगर दिसेनासे व्हायचे, आणि लोक शिट्ट्या मारायचे. काळा धूर म्हणजे हवेपेक्षा डिझेल जास्त झालं, जळायचं राहिलं. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य नाखवांच्या, म्हणजे नौकामालकांच्या, डिझेल परताव्याच्या चिंता ऐकण्यात गेलं, ज्याच्या दारात “धूर मारतेय” हे वाक्य तक्रार म्हणूनच येतं, त्याला त्या शिट्ट्या कशा समजाव्यात? तिसऱ्या फेरीत आमच्या गाडीनंही दुसऱ्या गिअरला थोडा धूर सोडला. लोक ओरडले. भावाची मान खाली गेली. त्या रात्री लॅपटॉपवाल्या मुलाला बसवून त्यानं तेवढं डिझेल कमी करून घेतलं, आणि रविवारी सकाळी गाडी बिनधुराची १५.४ वर आली. तेव्हा भावाचं तोंड बघायला हवं होतं. गाडी परत आली की तो बंद करू देत नसे, दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा; तो तापलेला असताना त्याचं तेल थांबलं तर बेअरिंग जळतं. नौकेचं इंजिनही तो असंच शांत होऊ देतो.

रविवारी दुसऱ्या फेरीत ते घडलं.

डिझेल गाडी रेषेवर उभी करणं हे एक वेगळंच काम आहे. नुसतं न्यूट्रलमध्ये कितीही बोंबललं तरी टर्बोत दाब बनत नाही, त्याला इंजिनावर बोजा लागतो. म्हणून भाचा हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकतो, क्लच निम्म्यावर सोडतो आणि पाय दाबतो. पुढची चाकं ओढायला बघतात, मागची धरून ठेवतात, गाडीचं नाक थरथरत उचललं जातं, क्लच करपल्याचा वास येतो आणि दाबाचा काटा चढायला लागतो. पहिला पिवळा. दुसरा. तिसरा. इंजिनाचा आवाज खालून वर भरत येत होता. हिरवा लागला आणि आवाज अजून भरतच होता, आणि मी कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून श्वास धरला होता. माझ्या लक्षात आलं की मी मोजतेय. हा आवाज मला पाठ होता. एवढ्या उंचावर, समुद्रापासून इतक्या लांब, तो ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या खाडीचं मुख गाळानं भरलेलं आहे. मांडवी आणि भाट्याच्या मधे वाळूचा बांध तयार होतो, दर पावसाळ्यात जागा बदलतो. बाहेर खोल पाण्यात लाट निवांत असते. बांधावर आली की तिचे पाय वाळूला लागतात, ती उभी राहते आणि कोसळते. नौका आत घ्यायची तर त्या बांधावरूनच घ्यावी लागते. चुकीच्या लाटेबरोबर निघालात तर ती मागून उचलते, पंखा आणि सुकाणू पाण्याबाहेर, नाळ म्हणजे पुढचं टोक खाली, आणि नौका आडवी फिरते. मग कुणाच्या हातात काही राहत नाही. इथं उलटलेल्या नौकांची नावं मला येतात, आणि त्यांवर असलेल्या माणसांचीही. मी ती इथं लिहीत नाही.

बाबा बांधाबाहेर नौका थांबवायचे. गिअर टाकलेला, इंजिन अर्ध्यावर, पंखा फिरता, आणि नजर मागे. तीन मोठ्या लाटांमागून वाईच सपाट पाणी येतं, असं ते म्हणत. खरंच दर वेळी तीनच येतात का, माहीत नाही, पण ते थांबायचे. खलाशी घरच्या ओढीनं कासावीस, टोपल्यांतला बर्फ वितळतोय, समोर मांडवीच्या काळ्या वाळूवर बायका उभ्या दिसतायत, आणि बाबा म्हणायचे, “दम खा.” एक लाट. “दम खा.” दुसरी. “दम खा रे.” मग एकदम, “मार आता!” मी नऊ-दहा वर्षांची असेन. आई माझा दंड धरून किनाऱ्यावर उभी असायची. नौका तिथं लांब वरखाली होतेय, पुढे येत नाहीय, आणि इंजिनाचा आवाज वाऱ्यावर तुटत तुटत येतोय, अर्धा, भरत जाणारा. आईची बोटं दंडात रुतायची. आवाज फुटला की बोटं सुटायची. माझ्या दंडावर चार लाल ठसे राहायचे. रात्री बाबा आले की ते बघायचे आणि त्यावर खोबरेल लावायचे, काही न बोलता.

तर तो आवाज होता. भाच्यानं तो चार हंगाम बाबांच्या पायाशी बसून ऐकला, नंतर स्वतः त्या बांधावर इंजिन धरलं. त्याच्या पायाला एक गोष्ट शिकवली गेली आहे की दिसलं म्हणून निघायचं नाही, खाली पाणी भरू द्यायचं, इंजिन भरू द्यायचं, मग निघायचं. झोपला नव्हता तो. त्या पूर्ण धावपट्टीवर त्याच्याइतकं जागं कुणी नसेल.

परतीच्या वाटेवर जागा बदलून मी व्हर्नात बसले. मागची सीट काढलेली, म्हणून पुढे, त्याच्या शेजारी. कोलाडपर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, “आत्या, हिरवा दिसला होता मला. पायानं ऐकलंच नाही. काटा अजून चढत होता, वाटलं अजून एक श्वास घेऊ दे हिला.” मी म्हटलं, कळलं मला. तो म्हणाला, “पप्पा चिडलेत.” भाऊ चिडलेला नव्हता, खचला होता, पण मुलांना त्यातला फरक कळत नाही. मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोलावंसं खूप वाटत होतं, पण काय बोलायचं ते ठरेना. तुझी चूक नाही म्हणावं, तर चूक होती. तिथं हिरव्यावर निघायचं असतं, निघण्याआधी पाय सुटायला लागतो, आणि जो थांबला तो हरला, यात अन्याय काही नाही. पुढच्या वेळी थांबू नकोस म्हणावं, तर माझी जीभ वळेना. कारण ऑगस्टमध्ये पुन्हा कुणाचा तरी खलाशी आजारी पडेल, हाक येईल, आणि हा जाईल. एकाच माणसाला दोन पाय असतात, पण गाडी सोडणारा एकच. तो पाय तिसऱ्या पिवळ्यावरच सुटायला शिकला, आणि मग एखाद्या संध्याकाळी बांधाबाहेर समोर मांडवी दिसत असताना तो तसाच सुटला तर? हे मी त्या अनोळखी मुलाला सांगणार होते का? नाही. त्याला सांगायचं होतं ते वेगळं. पण आत हेच होतं म्हणून तेही निघालं नाही, असं आता वाटतं.

भावानं आल्या आठवड्यात एक फळी केली. तीन पिवळे बल्ब, एक हिरवा, खाली जुन्या गाडीचं पेडल आणि लॅपटॉपवाल्या मुलानं जोडलेलं घड्याळ. रोज सात वाजता भाचा तेलाच्या डब्यावर बसतो, पाय पेडलवर. मी बटण दाबते, कारण घरातल्यांपैकी माझाच हात कधी दाबणार ते त्याला ओळखता येत नाही. रिले वाजतो, टक, टक, टक, आणि त्याचा पाय. पहिल्या दिवशी ०.८८. चार दिवसांत ०.७०. मग ०.६४, मग ०.५८. भाऊ आकडे खडूनं दारावर लिहितो. दारावरच्या जुन्या आकड्यांवर, कुणाच्या गिअरबॉक्सचे, कुणाच्या उधारीचे, हे नवे आकडे चढत चाललेत. मी खूश होते, खरंच होते. रात्री झोप लागत नाही तेव्हाही होते.

परवा बाबा काठी टेकत शेडमध्ये आले. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. खुर्ची दिली, बसले, फळीकडे बघत राहिले. हे काय आहे ते कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मी बटण दाबलं. पहिला पिवळा लागला, दुसरा लागला, आणि बाबा स्वतःशीच, पण बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात बोलले, “दम खा.”

तिसरा लागला. हिरवा लागला. भाच्याचा पाय पेडलवर तसाच. घड्याळ पुढे पळत होतं. भाऊ वैतागून खडू खाली ठेवणार एवढ्यात भाचा हसायला लागला, मोठ्यानं, डब्यावरून पडेल इतका, आणि बाबांनी मान वळवून त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं, काय झालं ते न कळल्यासारखं.

“आत्या, पुन्हा,” तो म्हणाला आणि पाय सारखा करून बसला.

मी बटणावर बोट ठेवलं.